सार्वजनिक काका : कोर्टाबाहेर न्याय शोधणारा वकील

रानडे, टिळक, आगरकर, गोखले ही नावं आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. पण या सगळ्यांच्या आधी पुण्यात सार्वजनिक कामाची घडी ज्या माणसाने बसवली, त्याला इतिहासाच्या पुस्तकात जेमतेम एक ओळ मिळते. गणेश वासुदेव जोशी, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक. ही ओळ पाठ करायची, दोन मार्क मिळवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. लोक त्यांना प्रेमाने ‘सार्वजनिक काका’ म्हणायचे. मित्रांनो, हा माणूस वकील होता. लोकांच्या भांडणांवर ज्याचं घर चालतं असा धंदा! आणि तरीही लोकांची भांडणं कोर्टात न जाता मिटावीत म्हणून त्यांनी धडपड केली. आज ‘मेडिएशन’ या नावाने जे आपण ऐकतो, त्याच्या जवळपास जाणारा प्रयोग महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी झाला होता. त्याचीच ही गोष्ट.

साताऱ्याहून पुण्याला

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्यातला. तरुणपणी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली. पुढे ते वकील झाले आणि पुण्यात स्थायिक झाले. कचेरी म्हणजे काय, दावा कसा चालतो, सामान्य माणूस तिथे कसा भांबावून जातो, हे त्यांनी आधी टेबलाच्या आतल्या बाजूने आणि नंतर बाहेरच्या बाजूने पाहिलं होतं. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथेच आहे.

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. कारण निघालं होतं पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराचं. त्याबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या आणि त्या सरकारपुढे मांडायच्या होत्या. पण या लोकांच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असं सरकारने विचारलं तर? काकांच्या सभेने यावर सॉलिड उपाय काढला. ज्याला सभासद व्हायचं असेल त्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा! सुरुवातीला पंच्याण्णव सभासद होते आणि त्यांच्या मागे सुमारे सहा हजार सह्या होत्या. निवडणूक हा शब्दही ज्या काळात लोकांना नवा होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. सभेचे पहिले अध्यक्ष औंधचे पंतप्रतिनिधी होते, पण रोजची पायपीट काकांची. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे पुण्याला आले आणि ही जोडी जमली. रानड्यांचा अभ्यास आणि काकांची धावपळ, असं ते कॉम्बिनेशन होतं.

कर्ज, कोर्ट आणि सुपे

आता लवादाकडे वळण्याआधी त्या वेळची परिस्थिती समजून घेऊ.

पेशवाईत बहुतेक दिवाणी भांडणं पंचायतीत सुटायची. दोन्ही पक्ष पंचांचा निर्णय मान्य करू असं लिहून द्यायचे. या कागदाला ‘राजीनामा’ म्हणत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याची चिठ्ठी, तेव्हा राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद! जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घ्यायचं आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’. म्हणजे ती व्यवस्था काही फुकट नव्हती. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने सुरुवातीला पंचायती चालू ठेवल्या, पण हळूहळू त्या मागे पडल्या आणि इंग्रजी पद्धतीची कोर्टं आली.

कोर्टं आली ती स्टॅम्प, वकील, तारखा आणि तालुक्याचा प्रवास घेऊन. सावकाराला हे सगळं जमायचं, शेतकऱ्याला नाही. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचं बंधन आणलं. हेतू चांगला होता, पण घडलं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागले. आपण इंजिनिअर, तर जरा गणित करून पाहू. समजा १०० रुपये कर्ज आणि वर्षाला २४ टक्के सरळ व्याज. नऊ वर्षांनी ३१६ रुपये व्हायला पाहिजेत. पण दर तीन वर्षांनी रोखा नवा केला तर तीच रक्कम जवळजवळ ५०९ होते. शेतकऱ्याच्या हातात मात्र नवा पैसा एकही पडलेला नसतो.

मग सावकार कोर्टात जायचा. शेतकरी तारखेला हजर राहायचा नाही, कारण समन्स कळलेलं नसायचं किंवा जाण्यायेण्याचा खर्च परवडायचा नाही. निकाल एकतर्फी लागायचा आणि जमीन जायची. कायद्याच्या दृष्टीने सगळं बरोबर, पण न्याय कुठेच नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांचा संयम संपला. त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. हेच दख्खनचे दंगे.

या दंग्यांत राग कशावर निघाला ते बघा. तो निघाला कागदांवर. जिथे आपलं कोणी ऐकून घेत नाही तिथल्या कागदावरचा लोकांचा विश्वास उडाला होता.

लवाद कोर्ट

या पार्श्वभूमीवर १८७६ च्या सुमारास काका आणि सभेच्या मंडळींनी पुण्यात लवाद कोर्ट सुरू केलं. कल्पना जुनी होती, पण तिला नव्या कायद्याचा आधार होता. १८५९ च्याच दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात लवादाची कलमं होती. दोन्ही पक्षांनी आपखुशीने पंच नेमले आणि पंचांनी निवाडा दिला, तर तो निवाडा सरकारी कोर्टात दाखल करता येत असे आणि त्याला हुकूमनाम्याची ताकद मिळत असे. काकांनी सरकारविरुद्ध बंड केलं नाही. सरकारच्याच पुस्तकातलं, धूळ खात पडलेलं एक पान त्यांनी उघडून दाखवलं. वकील असल्याचा हा फायदा!

फायदे उघड होते. लोकांच्या भाषेत काम चालणार, खर्च कमी, वेळ कमी. पंच ओळखीपाळखीचे, त्यांना गावची माणसं माहीत, पीकपाणी माहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे निकालानंतरही दोघांना एकाच गावात राहायचं आहे, हे पंचांना ठाऊक. कोर्टात एक जिंकतो, एक हरतो आणि दोघेही एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सर विल्यम वेडरबर्नसारखे काही इंग्रज अधिकारीसुद्धा पंचायती पुन्हा उभ्या करण्याच्या बाजूचे होते.

पण या प्रयोगाची एक मर्यादा होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लवाद चालतो तो दोघांच्या संमतीवर. ज्याच्या हातात तयार रोखा आहे आणि कोर्टात एकतर्फी निकालाची खात्री आहे, असा सावकार पंचांपुढे कशाला येईल? दुबळ्याला समेट हवा असतो, बळकटाला त्याची गरज वाटत नाही. हा प्रश्न नुसत्या सदिच्छेने सुटणारा नव्हता. त्याला कायदा लागणार होता.

तो कायदा १८७९ मध्ये आला. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं आणि समेट झालाच नाही तर तसा दाखला घेऊनच कोर्टात यायचं, अशी त्यात तरतूद होती. पुढे या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करायचं काम रानड्यांकडेच आलं.

खादी, दिल्ली आणि फडके

काका फक्त लवादापुरते नव्हते. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी खादी वापरायचं व्रत घेतलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. गांधीजी तेव्हा दोन-सव्वादोन वर्षांचे होते! १८७७ च्या दिल्ली दरबारात सगळीकडे जरतारी कपडे आणि हिरे-माणकं असताना काका सभेतर्फे पांढऱ्या खादीत हजर राहिले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रियांसाठी स्त्री विचारवती सभा काढली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला चालला. बंडखोराचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणं. काकांनी ते घेतलं. फडक्यांचा मार्ग आणि काकांचा मार्ग अगदी वेगळा. एकाने शस्त्र उचललं, दुसऱ्याने अर्ज आणि पंच. तरीही प्रत्येकाची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, एवढं एक तत्त्व काकांनी धरलं. फडक्यांना जन्मठेप झाली. आपल्या ठाण्याच्या तुरुंगात काही काळ ठेवून जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला पाठवलं गेलं. त्याच वर्षी २५ जुलैला काका गेले. वय फक्त बावन्न.

आणि आज?

काकांच्या कल्पनेचे धागे पुढे अनेक ठिकाणी दिसतात. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतींना पक्का आधार मिळाला. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. त्यात वस्ती-मोहल्ल्यातली शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं एक वेगळं प्रकरण आहे. तीन मध्यस्थांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचं, अशी ती कल्पना.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. लवाद निर्णय देतो. मध्यस्थ निर्णय देत नाही, तो दोघांना स्वतःच्या निर्णयापर्यंत पोचायला मदत करतो. आणि जातपंचायत या दोन्हींपेक्षा पूर्ण वेगळी. तिथे संमती नसते, बहिष्काराची भीती असते. म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

आपलं कोलशेत घ्या. एका बाजूला खाडी आणि जुना आगरी-कोळी गाव, दुसऱ्या बाजूला उंच टॉवर्स, आणि मध्ये आपण होस्टेलवाले. पार्किंग, पाणी, स्पीकरचा आवाज, गळणारी भिंत, ही भांडणं कोर्टनाक्यापर्यंत न्यायची की खाली बसून सोडवायची? होस्टेलवर तर हे रोजचंच आहे. मेसचं बिल, रूममधला पंखा, परीक्षेच्या रात्रीची गाणी. अशा वेळी रेक्टर सरांकडे तक्रार नेण्याआधी दोघांनाही मान्य असलेला एखादा सिनिअर किंवा एखादे स्टाफमधले काका दोघांना समोर बसवू शकतात. अट एकच, दोघंही आपखुशीने बसले पाहिजेत आणि दोघांचंही पूर्ण ऐकलं पाहिजे.

पण रॅगिंग, मारहाण, छेडछाड इथे समेटाची भाषा नको. तो गुन्हा आहे, महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. तिथे मिटवून टाका म्हणणं म्हणजे पुन्हा दुबळ्यालाच दाबणं. संमती आणि बरोबरी जिथे आहे तिथे मध्यस्थी, जिथे नाही तिथे कायदा. काकांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी होत्या. त्यांनी लवाद कोर्ट काढलं आणि गरज पडली तेव्हा काळा कोट घालून कोर्टातही उभे राहिले.

पुण्यात लोकांनी या माणसाला रावबहादूर किंवा साहेब न म्हणता ‘काका’ म्हटलं. घरात भांडण झालं की आपण ज्याच्याकडे जातो तो काका. आपल्या प्रत्येक मजल्यावर असा एक जरी काका किंवा ताई तयार झाली, तरी रेक्टर सरांचा रजिस्टर बराच हलका होईल!