बाळंभटदादा देवधर : मल्लखांबाचे आद्य गुरू

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा कोणाचे चरित्र घ्यावे, हा प्रश्न एका लहान मुलाने सोडवला.

मागच्या गणेशोत्सवात आम्ही मांडवाशेजारच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी मल्लखांबाचा वर्ग घेतला होता. पहिल्या दिवशी आठेक वर्षांचा एक मुलगा खांबापाशी आला, त्याने तेलकट लाकडाला बोट लावले आणि तो आजीच्या पदराआड गेला. आजीही त्याला पुढे पाठवायला फारशा उत्सुक नव्हत्या. शिकवणाऱ्या गुरुजींनी त्याला चढ म्हटले नाही आणि घाबरू नकोस असेही सांगितले नाही. त्यांनी त्याला खांबाला फक्त मिठी मारायला लावली. दुसऱ्या दिवशी मिठी मारून दोन्ही पाय जमिनीवरून वीतभर उचलायला लावले आणि पाच अंक मोजले. तिसऱ्या दिवशी खांबावरून घसरत खाली कसे यायचे ते शिकवले. उतरता येते हे कळल्यावर चढण्याची गोष्ट त्यानेच काढली. अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो मुलगा डोक्याएवढ्या उंचीवर पायांच्या पकडीने खांब धरून दोन्ही हात मोकळे सोडून बसला होता. आजी खाली उभ्या होत्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या.

ही शिकवण्याची रीत आली कुठून, हे शोधत गेले की वाट पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जाते. तिथे बाळंभटदादा देवधर भेटतात.

बाळंभटदादांचा जन्म सुमारे १७८० सालचा.  त्या काळी पुण्यात तालमी पुष्कळ होत्या आणि व्यायामाला राजाश्रयही होता. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवेपदावर आले. राजकारणातल्या त्यांच्या उणिवा इतिहासाने पुरेशा मोजल्या आहेत, पण व्यायामाचे त्यांना प्रेम होते, हेही त्यांच्याविषयी आवर्जून सांगितले जाते. या पेशव्यांच्या दरबारात घडलेली एक कथा मल्लखांबाच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती कथा म्हणूनच इथे देत आहोत.

निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले. गावोगावचे पैलवान चीत करून ते आले होते. आमच्याशी कुस्ती लावा, नाहीतर जयपत्र लिहून द्या, अशी त्यांची मागणी होती. दोघांची शरीरे पाहून दरबारातले भले भले खाली पाहू लागले. तेव्हा विशीच्या आतबाहेरचे बाळंभट उठले आणि त्यांनी आव्हान स्वीकारले. मात्र त्यांनी लगेच आखाड्यात उतरण्याचे साहस केले नाही. तयारीसाठी मुदत मागितली.

कथेतला हा भाग ऐकताना आपण बहुधा पुढे धावतो, कारण आपल्याला कुस्तीचा निकाल हवा असतो. आम्हांला मात्र इथे थांबावेसे वाटते. भरल्या दरबारात उठून उभे राहणाऱ्या तरुणाला आपली तयारी अपुरी आहे हे ठाऊक होते, आणि ते कबूल करायला तो लाजला नाही. अशा मुदतीला भ्याडपणा समजणारे लोक तेव्हाही असतील. पण आपल्याला भीती कशाची वाटते हे ज्याला नेमके कळते, तोच तिच्यावर उपाय शोधू शकतो.

बाळंभट नाशिकजवळ वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले आणि देवीपाशी अनुष्ठानाला बसले. आख्यायिका अशी की, मारुतीरायाने वानररूपात त्यांना दर्शन दिले आणि लाकडाच्या खांबावर पकडी, उड्या आणि पेच करून दाखवले. भाविकाने यात साक्षात्कार पाहावा. ज्यांनी गडावर माकडांची धावपळ पाहिली आहे, त्यांना यात एका बारकाईने पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे डोळेही दिसतील. माकड पकडीशिवाय उडी घेत नाही आणि पुढची पकड दिसल्याखेरीज मागची सोडत नाही. बाळंभटांनी ती युक्ती अंगी बाणवली. पुण्यात परतून त्यांनी गुलाबला हरवले आणि ते पाहून अलीने न लढताच हार मानली, असे परंपरा सांगते. बाळंभटांचे बाळंभटदादा झाले आणि पेशव्यांच्या आश्रयाने ते व्यायामगुरू म्हणून नावारूपाला आले.

मल्लखांब त्यांनी शून्यातून निर्माण केला असे मात्र म्हणता येणार नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लस्तंभावरच्या व्यायामाचा उल्लेख आहे. पुढे ही विद्या जवळजवळ विसरली गेली. बाळंभटदादांनी तिला पुन्हा उभे केले आणि शिकवण्याजोगे शिस्तशीर रूप दिले. म्हणूनच त्यांना आद्य गुरूचा मान मिळतो.

त्यांच्या या कामाचे मोल समजायला खांबाकडेच नीट पाहावे लागते. तो सागाचा किंवा शिसवीचा असतो आणि जमिनीच्या वर साधारण आठ-साडेआठ फूट उंच असतो. खाली जाड आणि वर निमुळता होत जातो. त्याचे तीन भाग आहेत : अंग, मान आणि अगदी वरचे बोंड. नवख्या मुलाच्या वाट्याला येते ते खालचे जाडजूड अंग. ते मिठीत पुरेपूर मावते आणि पाय जमिनीपासून फार दूर जात नाहीत. जसजसा सराव वाढतो तसतसा विद्यार्थी वर सरकतो आणि त्याच्या हाताला खांब अधिकाधिक बारीक लागतो. बोंडावर तोल सांभाळून उभे राहणे हे वर्षांच्या सरावाचे काम. म्हणजे कोणी कुठवर जायचे याचा हिशेब खांबाच्या घडणीतच आहे.

खांबाला एरंडेल लावतात. नवशिक्याला ते उलटेच वाटते, घसरणाऱ्या लाकडाला आणखी तेल कशासाठी? पण कोरडे लाकूड कातडी सोलते. एरंडेल चिकट असल्याने अंग सोलवटत नाही, आणि ज्याची पकड खरी आहे त्याला ते धरूही देते. पकड कच्ची असली तर माणूस सावकाश खाली सरकतो. ही खाली सरकण्याची सवय झाली की पडण्याची धास्ती निम्म्याने कमी होते.

मग क्रमाने साधी उडी, दसरंग, तेढी, सलाम, फरारे, सुईदोरा आणि आसने. एक पकड पक्की झाल्याशिवाय पुढची द्यायची नाही, हा नियम. कुस्तीत जोडीदार ताकदवान असला तर नवखा मल्ल पहिल्याच दिवशी हबकतो. खांब उलटून मारत नाही, घाई करत नाही, हसतही नाही. आपण जेवढे धरू तेवढाच तो आपल्याला धरतो. दोन बलदंड मल्लांना पाहून मुदत मागणाऱ्या तरुणाला हा मुका जोडीदार किती उपयोगी पडला असेल, हे आज सहज समजते. आपली भीती ज्या उपायाने गेली तोच उपाय दादांनी पुढे शिष्यांच्या हाती दिला.

दादांच्या आयुष्याची दुसरी परीक्षा कुस्तीपेक्षा अवघड होती. जून १८१८ मध्ये बाजीरावांनी सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन होऊन पेशवेपद सोडले. वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर त्यांना कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, पाठवण्यात आले. पुण्याची कित्येक कुटुंबे त्यांच्या मागोमाग उत्तरेत गेली. बाळंभटदादाही उत्तरेत गेले. राज्य गेलेले, गाव सुटलेले, भाषा परकी. अशा वेळी माणसे जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगत बसतात. दादांनी खांब पुरला आणि पोरे गोळा केली. ब्रह्मावर्तात आणि काशीत त्यांच्या विद्येची परंपरा रुजली. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचा काशीतला आखाडा नावाजला. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजेच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांच्या अंगात जी चपळाई होती तिचा धागा ब्रह्मावर्तातल्या याच व्यायामपरंपरेशी जोडला जातो. १८५२च्या सुमारास दादांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी देश पेटला तेव्हा ते नव्हते, पण घोड्यावर मांड ठोकायला न डरणारी एक पिढी तयार झालेली होती.

आमच्यासारख्या माळव्यात स्थिरावलेल्या मराठी मंडळींना दादांच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध अधिक जवळचा वाटतो. आपले पूर्वजही शिंद्यांच्या दौलतीबरोबर नर्मदा ओलांडून आले, क्षिप्रेकाठी राहिले आणि पुढे फ्रीगंज म्हणजे आपले माधव नगर वसले तेव्हा इथे घरे बांधून रमले. परमुलखात पाय रोवायचे तर आधी छोटी पकड पक्की करावी लागते, हे त्यांना कोणी खांबावर शिकवले नसेल, पण त्यांनी केले तेच.

दादांची विद्याही पुढे चालत राहिली. बडोद्याला राजरत्न माणिकरावांनी ती सांभाळली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. आणि मग आपल्या उज्जैनचा मान. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जानेवारी १९८१ मध्ये याच शहरात भरली. डॉ. बमशंकर जोशी यांनी त्यासाठी घेतलेले कष्ट जुन्या मंडळींना आठवत असतील. २०१३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांना खांब दिसत नाही ती मुले स्पर्शाने पकड शोधतात आणि वर जातात. भीती घालवण्याच्या या रीतीची याहून मोठी कसोटी कोणती असेल?

एक गोष्ट आम्ही संकोच सोडून लिहितो. आमच्या वर्गात मल्लखांबाला नावे घालणाऱ्या मुलांपैकी काहींना दुसऱ्याच दिवशी घरच्यांनी थांबवले. मुले घाबरली नव्हती. हातपाय मोडेल, अभ्यास बुडेल, ही धास्ती आपल्या मोठ्यांची होती. काळजी चुकीची नाही. खाली जाड गादी हवी, जवळ जाणता शिक्षक हवा, आणि मुलाला त्याच्या तयारीपलीकडे ढकलायचे नाही, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे. पण खांबाजवळही जाऊ दिले नाही तर मूल सुरक्षित राहते आणि भित्रेही राहते. पुढे परीक्षेचा हॉल, मुलाखतीची खोली, परके शहर यांपैकी कुठे ना कुठे त्याला स्वतःच्या पकडीवर विसंबावे लागणार आहे. तिथे आजीचा पदर पोहोचत नाही.

बाळंभटदादांनी राज्य मिळवले नाही, ग्रंथ रचून कीर्ती मिळवली नाही. घाबरलेल्या माणसाला आधी वीतभर उचलायचे आणि मग हातभर, एवढीच विद्या त्यांनी दिली, आणि ती सव्वादोनशे वर्षे टिकली. बुद्धीची देवता असलेल्या गजाननासमोर उभे राहून आपण मुलांसाठी बुद्धी मागतो. त्याच मांडवाशेजारी शक्तीचा खांबही उभा असावा, असे आम्हांला वाटते.

यंदाही उत्सवाचे दहाही दिवस सायंकाळी आरतीपूर्वी खांब पुरलेला असेल. मागच्या वर्षीचा तो मुलगा आता नव्या मुलांना घसरत उतरायला शिकवणार आहे, हे त्याने स्वतःहून सांगितले आहे. आपापल्या घरची मुले, मुली आणि नातवंडे घेऊन यावे. पहिल्या दिवशी कोणालाही चढायला सांगितले जाणार नाही. फक्त मिठी मारायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!