क्रिकेटवीर कै. बाळू पालवणकर : एक चरित्रस्मरण

वहाणा शिवणे, विहिरीवरील मोटा व नाडे तयार करणे हा भोर आणि वेल्हे या डोंगराळ मुलखातील आपल्या चर्मकार समाजाचा पिढीजात व्यवसाय. रापी आणि आरी हीच आपल्या पूर्वजांची आयुधे. क्रिकेटचा चेंडूही चामड्याचाच असतो. परंतु चामडे कमावणाऱ्या हाताला विटाळ मानणारी मंडळी तोच चेंडू आनंदाने हाती घेऊन खेळत असत. या विसंगतीच्या ऐन मध्यभागी ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य व्यतीत केले, त्या कै. बाळू पालवणकर यांचे अल्प चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. कोकणातील पालवण हे या घराण्याचे मूळ गाव. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित असल्यामुळे बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या सामानावर ही मुले क्रिकेट शिकली. पुढे बाळू पारशी मंडळींच्या एका क्लबात दरमहा तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे व लोटण्याचे काम करू लागले. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले. तेथे पगार झाला चार रुपये.

खेळपट्टी आखणे, जाळी बांधणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे तेथील त्यांचे काम. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज इतरांच्या आधी येऊन एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपणांस बाद केल्यास दर खेपेस तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताने संथ, उंची देऊन टाकलेला, कधी आत तर कधी बाहेर वळणारा तो चेंडू अशा रीतीने मोलमजुरीतून घडला. मात्र त्या जिमखान्यात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांवर मात करावयाची होती आणि त्यासाठी बाळूंवाचून गत्यंतर नव्हते. मोठ्या वादानंतर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा. परंतु चहाच्या वेळी बाळूंनी मंडपाबाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा प्यावा आणि जेवणास निराळे पान घ्यावे, असा तेथील शिरस्ता होता. सामन्यामागून सामने त्यांनी जिंकून दिले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनीच या खेळाडूंचे कान उपटले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा व अन्न घेण्यास अडचण कसली, असा त्यांचा रोख होता.

त्यानंतर बाळू मुंबईस गेले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता आणि शिवरामही त्या संघात होते. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात झालेला हा पराभव मुंबई विसरली नाही.

आम्ही लहान असताना, भोर संस्थान विलीन होऊन फार वर्षे लोटली नव्हती तेव्हा, बाळूंना प्रत्यक्ष पाहिलेली काही वृद्ध मंडळी आमच्या भागात हयात होती. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांतून पोटापाण्यासाठी ही माणसे तरुणपणी मुंबईस गेली होती. सामन्याच्या दिवशी पदपथावरचे आपले दुकान गुंडाळून ती मैदानाच्या कडेस जाऊन उभी राहत. धावांचा हिशेब त्यांना नीटसा कळत नसे आणि खेळाचे नियमही अर्धवटच ठाऊक होते. परंतु बाळूंचा हात कसा वर जाई, चेंडू हवेत कसा रेंगाळे आणि साहेब कसा फसे, हे ती मंडळी पन्नास वर्षांनंतरही हाताच्या हालचालींनी करून दाखवीत. तो हात आपला आहे, एवढेच त्यांना समजले होते आणि तेवढ्याने त्यांची मान ताठ झाली होती. देवळाच्या पायरीपर्यंतही ज्यांना जाता येत नव्हते, त्यांना या मैदानाच्या कडेला उभे राहून आपला माणूस डोळे भरून पाहता आला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळू व शिवराम हे दोघेही बंधू होते. संघाची कामगिरी बेताचीच झाली. परंतु पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला आणि मानपत्र अर्पण करण्याचा मान एका वीस वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यास मिळाला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. बाळूंच्या थोरवीचा अभिमान बाबासाहेबांनी पुढेही अनेक वर्षे बाळगला. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना बाळूंना मुंबई महापालिकेवर नामनियुक्त करावे म्हणून त्यांनी खटपट केली.

एवढा पराक्रम करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ साली ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. तो मान खरा बाळूंचा, हे पै यांनी स्वतःच बोलून दाखविले. १९२० साली कर्णधारपदावरून वाद पेटला, तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. थोरल्या भावास नाकारलेले हे पद १९२३ साली धाकट्या विठ्ठलने मिळविले आणि स्पर्धाही जिंकली. या घराण्याच्या खेळाची हकीकत विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकात लिहून ठेविली आहे.

पुढील काळात राजकारणाने बाबासाहेब व बाळू यांच्या वाटा निराळ्या केल्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. परंतु १९३५ साली बाबासाहेबांनी येवले येथे केलेली धर्मांतराची घोषणा बाळूंना मान्य झाली नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्याने मानपत्र दिले आणि ज्याने ते स्वीकारले, ते दोघे पंचवीस वर्षांनी असे समोरासमोर आले. १९५५ च्या जुलैमध्ये बाळूंचे मुंबईत निधन झाले.

या निवडणुकीमुळेच की काय, आपल्या कित्येक घरांत बाळूंचे नाव घेताना आजही अडखळल्यासारखे होते. बाबासाहेबांचे ऋण मानावयाचे तर बाळूंना विसरले पाहिजे, अशी समजूत काही ठिकाणी दृढ झाली आहे. आम्हांस ती सर्वथा चुकीची वाटते. एका निवडणुकीतील विरोधाने ते मानपत्र खोटे ठरत नाही. बाळूंची राजकीय मते कोणास पटोत वा न पटोत; ३३ प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्यांचे १७९ बळी आणि मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून घेतलेला तो चहा, या दोहोंचे वारस आपणच आहोत.

सुगी झाल्यावर भाताच्या मोकळ्या खाचरांतून भोर-वेल्ह्याची मुले आज क्रिकेट खेळताना दिसतात. ज्या खेळाडूंवर त्यांचा जीव जडला आहे, त्यांची नावे त्यांना तोंडपाठ आहेत. त्या नावांच्या अग्रभागी चार रुपये पगारावर खेळपट्टी लोटणाऱ्या या पुरुषाचे नाव असावे. पालकांनी ही हकीकत आपल्या मुलाबाळांस आवर्जून सांगावी आणि सांगताना त्यातील मान व अपमान हे दोन्ही सांगावेत, अशी नम्र विनंती करून आम्ही हे स्मरण पुरे करतो.