चित्रकार आबालाल रहिमान

राजे व सेनापति यांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असतात. परंतु ज्यांनीं आपलें बहुतेक आयुष्य आपल्याच गांवचीं तळीं, घाट व झाडें न्याहाळण्यांत वेंचिलें, अशा एका पुरुषाची ओळख आम्ही येथें करून देत आहों. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान हे ते पुरुष होत.

त्यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरांत झाला. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचा व्यवसाय त्यांच्या घराण्यांत परंपरेनें चालत आला होता. या कामांत घाईला थारा नसतो. आबालालांच्या डोळ्यांस पहिलें वळण तेथेंच लागलें असावें, असें आम्हांस वाटतें. पुढें मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत ते शिकले आणि १८८८ सालीं त्यांनीं व्हाइसरॉयचें सुवर्णपदक मिळविलें. ते मुंबईस राहते तर धनिकांच्या तसबिरींचें काम त्यांस कमी पडलें नसतें. परंतु ते कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थाच्या कांठीं एकांतांत राहूं लागले.

श्रीशाहू छत्रपतींनीं त्यांस दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांच्या शिकारीचीं चित्रें त्यांनीं काढलीं. पण मन रमलें तें निराळ्या ठिकाणीं. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हींच त्यांची खरी शाळा झाली. रोज दिसणाऱ्या तळ्यांत पाहावयाचें तें काय, असें कोणी विचारील. रंकाळ्यांतील संध्यामठच घ्या. पावसाळ्यांत तो अर्धाअधिक पाण्यांत असतो, उन्हाळ्यांत पायथ्यापर्यंत उघडा पडतो. धुक्यांत त्याचा दगड निळसर भासतो, तर उतरत्या उन्हांत तोच पिवळा. पाणी निळें व झाड हिरवें, हें आपण डोळे मिटूनहि सांगतों, आणि म्हणूनच तीं आपणांस दिसत नाहींत. आमचे विद्यार्थी निबंधांत न पाहिलेल्या हिमालयाचें वर्णन पानभर करितात, पण शाळेच्या वाटेवरील वडाविषयीं दोन ओळी लिहिण्यास सांगितल्या तर लेखणी चावीत बसतात! आबालालांस विषय शोधीत हिंडावें लागलें नाहीं. मिळेल त्या कागदावर, हाताशीं असेल त्या साधनानें ते रेखाटीत बसत. आणि तेंच पाणी, तोच कांठ त्यांस दर वेळीं नवें चित्र देई.

फ्रान्समधील क्लोद मोने या चित्रकारानें १८९० व १८९१ सालीं गवताच्या गंजी अशाच निरनिराळ्या प्रकाशांत रंगविल्या, आणि जगभर त्याचें नांव झालें. रानांतील भूकमळांकडे लक्ष देण्याचा प्रभूचा उपदेश आम्ही ख्रिस्ती लोक वारंवार वाचतों. तो आचरणारे हे मुसलमान गृहस्थ कोटितीर्थावर राहत होते, हें किती थोड्यांस ठाऊक असेल!

६ मे १९२२ रोजीं शाहू महाराज निवर्तले. आबालालांच्या शोकास पारावार राहिला नाहीं. त्या दुःखाच्या भरांत त्यांनीं आपलीं हजारों चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, असें सांगतात. ज्या पाण्याचे रंग वर्षानुवर्षें टिपले, त्याच पाण्यांत तीं गेलीं! हें ऐकून आम्हांस वाईट वाटतें, आणि खरें सांगावयाचें तर थोडा रागहि येतो.

१९३१ सालीं ते वारले. बाबूराव पेंटरांसारखे कोल्हापूरचे पुढील कलावंत त्यांस फार मानीत. बचावलेल्या चित्रांपैकीं कांहीं टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहेत. आमच्या वाचकांनीं सुटीच्या दिवशीं तीं अवश्य पाहावीं, आणि घरीं परततांना कोटितीर्थावरून यावें. वाट थोडी लांब पडेल.