बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. समजा, सुट्टीच्या दिवशी पहाटे तुम्ही हा डोंगर चढायला निघालात. पायथ्याशी पाठीवरची पिशवी हलकी वाटते. अर्धी चढण झाली की तीच पिशवी जड होते. मग वाटते, यातले काय घरी ठेवले असते तर चालले असते? डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. शिकाऱ्याला पडतो, तसा पक्षी पाहणाऱ्यालाही पडतो. ज्यांची गोष्ट मी आज सांगणार आहे, त्यांना दोन्ही वाटा ठाऊक होत्या. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या या मुलाला खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या मुलासारखे वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. लहानग्या सलीमला एक छोटी हवेची बंदूक मिळाली. तुम्ही अशी बंदूक जत्रेत फुगे फोडताना पाहिली असेल. नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. एक डोळा मिटून, माशी आणि निशाण एका रेषेत आणून चाप ओढायचा. सलीमचा नेम चांगला होता. तो चिमण्या मारी.

एके दिवशी त्याने मारलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी? हिचे मांस खाणे हलाल आहे की नाही? सलीमला शंका आली. तो पाखरू घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ते ओळखता येईना. मामा मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. मामांनी संस्थेचे सचिव मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून सलीमला तिकडे पाठवले.

विचार करा, हातात मेलेली चिमणी घेऊन एक लहान मुलगा इंग्रज साहेबाच्या दारात उभा आहे. त्याच्या मनात किती भीती असेल! पण मिलर्ड यांनी त्याला हाकलले नाही. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. मग त्यांनी कपाटाचे एकेक खण उघडून आत पेंढा भरून जपून ठेवलेले पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकेही दिली. सलीमने पक्षी पुष्कळ मारले होते, पण ते एवढ्या जातींचे असतात हे त्याला त्या दिवशी कळले. जो मुलगा नेम धरण्यासाठी पाहत होता, तो आता ओळखण्यासाठी पाहू लागला.

यापुढचा रस्ता सोपा होता असे समजू नका. सलीम यांचे मन कॉलेजात रमले नाही. ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या धंद्यासाठी गेले. तिथल्या रानात त्यांचे लक्ष धंद्यापेक्षा पाखरांकडेच अधिक असे. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले आणि १९१८ मध्ये तहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे मोठ्या सरकारी संस्थेत नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना व्याख्यात्याचे काम मिळाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीतील बर्लिन शहरी गेले आणि प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो काय, पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती!

घर चालवायचे कसे? मुंबईत राहणे परवडेना. पती-पत्नी समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. उर्दूत आपण या पक्ष्याला बया म्हणतो. सलीम अलींनी त्या पावसाळ्यात दिवसच्या दिवस लपून बसून या पाखरांचे निरीक्षण केले. त्यांच्या असे लक्षात आले की, घरटे विणतो तो नर. तो ते अर्धे विणून थांबतो. मादी येऊन तपासते. पसंत पडले तरच ती राहते. मग नर घरटे पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो. मराठीत सुगरण हे स्त्रीचे नाव, पण घर बांधणारा मात्र पुरुष! या अभ्यासाने सलीम अलींचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर हा अभ्यास झाला असता का, सांगता येत नाही.

पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. फक्त खर्च द्या, मेहनताना नको, अशी त्यांची तयारी असे. तहमीना रानावनात त्यांच्याबरोबर राहत. १९३९ मध्ये त्या वारल्या. हे दुःख मोठे होते, पण सलीम अलींनी काम सोडले नाही. १९४५ मध्ये ते हिमालयापलीकडे कैलास-मानसरोवराच्या भागात गेले.

आता पुन्हा आपल्या पिशवीकडे येऊ. अशा उंच ठिकाणी पक्षी पाहायचे तर दुर्बीण हवीच. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारी, हे तुम्हाला उर्दूमुळे लगेच समजेल. दुर्बिणीवर ८ × ३० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो. दुसरा आकडा समोरच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ३० ला ८ ने भागा. पावणेचार आले. डोळ्याकडे एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका येतो. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून तो पुरतो. आता ५६ ला ८ ने भागा. सात आले. संधिप्रकाशात बाहुली मोठी होते, तेव्हा हे मोठे भिंग उपयोगी पडते, पण त्याचे ओझे मानेला काचते. मग बारा पटींची दुर्बीण घ्यावी का? पक्षी मोठा दिसेल खरा, पण दम लागल्यावर हात थरथरतो आणि तो थरथराटही बारा पटींनी वाढतो! म्हणून डोंगरात हलकी, बेताच्या ताकदीची दुर्बीण बरी.

शिकाऱ्याच्या बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीचे गणितही हेच आहे. डोंगरात फिरणारा शिकारीही लहान भिंगाची, हलकी दुर्बीण पसंत करतो. मग दोन्हींत मोठा फरक कोणता? शिकाऱ्याच्या दुर्बिणीत मधोमध फुली असते. फुली म्हणजे नेम. पक्षी पाहणाऱ्याच्या दुर्बिणीत फुली नसते.

सलीम अलींनी बंदूक टाकूनच दिली, असे मी सांगितले तर ते खरे होणार नाही. पक्ष्याची जात नक्की ठरवण्यासाठी त्या काळी नमुना हातात लागे, आणि त्यासाठी ते पक्षी मारत. अभ्यासापुरता नमुना आणि मौजेसाठी केलेली कत्तल यांत ते फरक मानत. हा फरक किती मोठा आहे, ते पाहा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्याच दिवशी सलीम अली बेचाळीस वर्षांचे झाले होते. पुढे तेच तळे वाचावे म्हणून त्यांनी नेटाने प्रयत्न केले. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले आणि सामान्य माणूस पक्षी ओळखू लागला. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथही लिहिला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या लोकल गाडीच्या मार्गावरील वांद्र्याला पाली हिलवर ते अनेक वर्षे राहत होते.

त्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. मसुरी-नैनितालच्या डोंगरात एक लहानसा लावा पक्षी होता. १८७६ नंतर तो कोणी पाहिल्याचा पक्का पुरावा नाही. सलीम अलींनी त्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. तो कसा होता हे आपल्याला कळते, ते पूर्वीच्या शिकाऱ्यांनी मारलेल्या मोजक्या नमुन्यांवरून. कपाटात तो आहे, डोंगरात मात्र दिसत नाही.

मित्रांनो, आता वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. पण कायद्याची भीती नसती, तर आपण काय केले असते? तुंगारेश्वरला किंवा वसईच्या मिठागरांकडे जाल, तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारा. दुर्बीण नसली तरी चालेल. अल्लाहने दिलेले दोन डोळे, एक वही आणि एक पेन्सिल न्या. हे ओझे कुठल्याच चढणीवर जड होत नाही. ओळखीचे नसलेले एखादे पाखरू दिसले, तर लहानग्या सलीमसारखे कोणाला तरी जाऊन विचारा. मात्र पाखराला त्याच्या फांदीवरच राहू द्या.