रिचर्ड रेटी : हरलेल्या डावातली बरोबरी

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धेत मी एक डाव सोडून दिला. माझ्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं होतं, समोरच्या मुलीकडेही तेवढंच. तिचं प्यादं सुसाट निघालं होतं आणि माझा राजा फार मागे होता. मी हात पुढे केला, कागदावर सही केली आणि उठले. परतीच्या बसमध्ये एका मित्राने तीच मांडणी फोनमधल्या इंजिनला दाखवली. स्क्रीनवर शून्य आलं. शून्य म्हणजे बरोबरी. न हरलेला डाव मी हरून आले होते.

घरी येऊन शोधत बसले, तेव्हा कळलं की या चुकीला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तिच्यावरचा उपाय एका माणसाच्या नावाने ओळखला जातो. तो माणूस म्हणजे रिचर्ड रेटी.

रेटींचा जन्म २८ मे १८८९ रोजी पेझिनोक नावाच्या गावात झाला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज स्लोव्हाकियात आहे. गाव जागच्या जागी राहिलं, वरचं राज्य तेवढं बदललं. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना यात फारसं नवल वाटायचं नाही. वडील लष्करात डॉक्टर होते. थोरले भाऊ रुडॉल्फ पुढे पियानोवादक, संगीतकार आणि संगीताचे अभ्यासक म्हणून नावारूपाला आले. रिचर्ड गणित शिकायला व्हिएन्नाला गेले.

त्या काळी व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत बुद्धिबळाचे पट दिवसभर मांडलेले असायचे. गणिताच्या या विद्यार्थ्याचा पाय तिथेच अडकला. १९०८ साली व्हिएन्नामध्ये मोठी स्पर्धा भरली आणि विशीही न गाठलेले रेटी तिच्यात उतरले. १९ डावांत त्यांना एकही विजय मिळाला नाही. १६ हरले, ३ बरोबरीत सुटले, गुण फक्त दीड आणि नंबर शेवटचा. दुसरा कुणी असता तर पट गुंडाळून गणिताच्या वह्यांकडे वळला असता. रेटी मात्र खेळत राहिले.

पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य मोडलं आणि रेटी चेकोस्लोव्हाकियाचे खेळाडू झाले. १९२० मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्पर्धेत ते पहिले आले. बारा वर्षांपूर्वी तळाला असलेला खेळाडू आता जगातल्या पहिल्या फळीत बसला होता.

याच सुमारास त्यांनी आणि निम्झोविच, ब्रेयर, टार्टाकोव्हर या त्यांच्या पिढीच्या खेळाडूंनी एक जुना नियम हलवला. पटाचं केंद्र आपल्या प्याद्यांनी भरून टाकायचं, असं तोवर शिकवलं जायचं. या मंडळींचं म्हणणं वेगळं होतं. केंद्र समोरच्याला घेऊ द्या, लांबून उंट आणि घोड्यांचा दाब ठेवा, मग तेच केंद्र त्याला जड होईल. १९२२ मध्ये रेटींनी या नव्या विचारांवर पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं. ते फक्त खेळत नव्हते, खेळाचा अर्थही लावत होते.

पण मला त्यांच्याकडे नेणारी गोष्ट १९२१ मधली आहे. त्या वर्षी त्यांनी एक छोटी रचना प्रसिद्ध केली. पटावर फक्त चार सोंगट्या. पांढरा राजा एच-८ वर, म्हणजे अगदी वरच्या कोपऱ्यात. पांढरं प्यादं सी-६ वर. काळा राजा ए-६ वर, त्या प्याद्याच्या जवळच. काळं प्यादं एच-५ वर, खाली वजीर व्हायला निघालेलं. खेळी पांढऱ्याची, आणि पांढऱ्याने बरोबरी करायची.

पट असेल तर खरंच मांडून बघा. पांढरा राजा काळ्या प्याद्यामागे सरळ धावला तर दोन खेळ्या कमी पडतात. आपलं प्यादं पुढे ढकललं तर काळा राजा एका पावलात त्याच्या वाटेवर येतो आणि ते खातो. मागेही हार, पुढेही हार. मी माझ्या डावात हेच बघितलं होतं आणि उठले होते.

रेटींचा राजा सरळ जात नाही. तो तिरका निघतो : जी-७, एफ-६, ई-५. इथे त्यांच्यातला गणिती दिसतो. शाळेच्या भूमितीत तिरकी वाट सरळ वाटेपेक्षा लांब पडते. पटावर मात्र राजाला कोपऱ्यातून सरळ तीन घरं खाली यायला तीन खेळ्या लागतात आणि तिरकं तीन घरं यायलाही तीनच लागतात. म्हणजे खाली येता येता तो फुकटात आपल्या प्याद्याकडेही सरकतो. एका पावलात दोन कामं. ई-५ वर पोचला की काळ्याची पंचाईत होते. काळ्या राजाने पांढरं प्यादं खाल्लं तर त्यात त्याच्या दोन खेळ्या जातात, आणि पांढऱ्याला नेमक्या दोनच कमी पडत होत्या. राजा एफ-४ वर उतरून काळं प्यादं पकडतो. उलट काळं प्यादं धावत सुटलं तर राजा डी-६ वर जाऊन आपल्या प्याद्याला हात देतो, दोन्हीकडे वजीर होतात आणि डाव बरोबरीत सुटतो.

दोन अशक्य कामं वेगवेगळी केली तर दोन्ही फसतात. एकत्र केली तर त्यांतलं एक जमतं. एवढीच युक्ती, पण रेटींच्या आधी ती इतक्या स्वच्छपणे कुणी मांडली नव्हती.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्यांनी विश्वविजेत्या कापाब्लांकांना हरवलं. आठ वर्षांत कापाब्लांका एकही गंभीर डाव हरले नव्हते. त्याच स्पर्धेत बोगोल्युबोव्हविरुद्धच्या डावाला सौंदर्याचं पहिलं पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या साओ पावलोत ते पट न बघता एकाच वेळी २९ जणांशी खेळले. २१ जिंकले, ६ बरोबरीत, फक्त २ हरले. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. असं सांगतात, की खेळ संपल्यावर ते आपली बॅग तिथेच विसरून निघाले आणि कुणी ती आणून दिली तेव्हा आपली स्मरणशक्ती किती वाईट आहे याबद्दल हळहळले.

६ जून १९२९ रोजी प्रागमध्ये स्कार्लेट तापाने त्यांचं निधन झालं. वय अवघं ४०. मोठ्या खेळाडूंवरचं त्यांचं दुसरं महत्त्वाचं पुस्तक त्यांच्या मागेच छापून आलं.

रेटींच्या हयातीत बुद्धिबळ खेळणारं खरं यंत्र म्हणजे स्पॅनिश इंजिनिअर तोरेस केवेदो यांनी १९१२ मध्ये बनवलेलं. त्याला फक्त राजा आणि हत्तीने एकट्या राजाला मात करता यायची. आज रेटींची रचना फोनला दिली तर डोळा मिटायच्या आत उत्तर येतं. मग मला प्रश्न पडला : आता रेटींची गरज उरली का?

उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. पटावर सात किंवा कमी सोंगट्या असतील तर सगळी उत्तरं तयार आहेत. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या महासंगणकावर तयार झालेला असा साठा सुमारे १४० टेराबाइट्सचा होता. तो उलटा बांधतात. आधी सगळ्या माता नोंदवायच्या, मग एकेक खेळी मागे जात जिंकलेल्या आणि हरलेल्या स्थिती रंगवत जायच्या. शेवटी ज्या कोऱ्या राहतील त्या बरोबरीच्या. म्हणजे हे यंत्र बरोबरी शोधत नाही. हार-जीत सगळी मोजून झाल्यावर बरोबरी उरते.

सोंगट्या जास्त असल्या की हा साठा संपतो आणि इंजिनला अंदाज करावा लागतो. तिथे ते अजून फसू शकतं. २०१७ मध्ये रॉजर पेनरोझ यांच्या संस्थेने एक मांडणी जाहीर केली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट, पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिनांनी सोंगट्या मोजल्या आणि काळा जिंकतोय असं सांगितलं. पण काळ्याचा वजीर आणि हत्ती कोपऱ्यात कोंडलेले आहेत आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. पांढऱ्या राजाने पांढऱ्या घरांवर फेऱ्या मारत राहायचं, ५० खेळ्यांच्या नियमाने डाव बरोबरीत सुटतो. माणसाला हा किल्ला दिसतो, कारण इथे काहीच घडणार नाही हे त्याला कळतं. नुसत्या खेळ्या मोजणाऱ्याला ते कळायला फार वेळ लागतो.

म्हणून कॉम्प्युटर लपलेली बरोबरी शोधू शकतो का, तर हो, बहुतेक वेळा, आणि आपल्यापेक्षा कितीतरी लवकर. पण फोनने मला फक्त शून्य दाखवलं. ते शून्य का, हे १९२९ साली गेलेल्या माणसाने समजावलं.

दीड गुण घेऊन शेवटचा आलेला तो मुलगा स्वतःची मांडणी सोडून उठला नाही. यंदाच्या स्पर्धेतही मी खेळणार आहे. हरेन कदाचित, पण सही करण्याआधी राजाची तिरकी वाट एकदा मोजून बघेन.