तपोवनचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन

बार्शीटाकळीहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत अमरावतीस गेले की शहराबाहेर तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी १९४६ साली वसविलेली ही वसाहत. त्यांचे नाव वऱ्हाडात पुष्कळांनी ऐकलेले असते. पण त्यांचे काम नीट समजायचे तर मज्जासंस्थेचा जो धडा विद्यार्थी नुसता पाठ करतात, तो जरा उघडून पाहावा लागतो.

दाजीसाहेबांचा जन्म १८९२ चा. होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणून ते अमरावतीस व्यवसाय करीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही सोसला. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी तपोवन उभारले. तेव्हा कुष्ठरोग्याला घरात जागा नसे, गावात नसे. १८९८ च्या कायद्याने तर निराधार रोग्यास पकडून आश्रमात ठेवता येई. लोक त्याला पापाचे फळ म्हणत.

वास्तविक हा जंतूचा रोग. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी तो जंतू १८७३ मध्ये शोधला. मेंदू व मेरुरज्जू शाबूत राहतात. त्याला शरीराच्या थंड जागा मानवतात, म्हणून तो कातडी आणि तिच्याजवळून जाणाऱ्या नसा धरतो. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच नस जाड होते. आधी स्पर्श जातो, मग करंगळी व अनामिका वाकतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल लोंबते. बोटे रोगाने झडतात हा समज चुकीचा आहे. चुलीवरचे भांडे हाताला भाजते, पायात काटा रुततो, आणि दुखत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. जखमा चिघळून बोटे आखूड होतात. दुखणे ही केवढी राखण आहे!

तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. रोग्याने डोळे मिटायचे. डॉक्टर कापसाच्या टोकाने कातडीला हलकेच स्पर्श करतात, आणि जेथे लागले तेथे रोग्याने बोट ठेवायचे. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर बोट पोचले नाही, तर संशय धरावा. मग कोपरामागची, गुडघ्याजवळची, मानेवरची नस दोन्ही बाजूंनी चाचपून जाडी ताडून पाहतात. बोटांचा जोर अजमावतात. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय बहुधा नेहमीसारखाच उडतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

दाजीसाहेबांचे वेगळेपण हे की, स्पर्श गेलेल्या हातांना त्यांनी काम दिले. शेती, सुतारकाम, हातमाग. औषध देणारे पुढे पुष्कळ झाले. १९८१ पासून तर अनेक औषधांची एकत्र योजना आली, आणि आज सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो, तोही सरकारी दवाखान्यात मोफत. पण बरा झालेला माणूस जायचा कोठे, हा प्रश्न गोळीने सुटत नाही. गेलेली संवेदनाही पुष्कळदा परत येत नाही.

१९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली ते वारले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मात्र त्यानंतरही तेहतीस वर्षे कायद्यात राहिले; १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातून आणि इतर विवाह कायद्यांतून ते २०१९ साली निघाले.