निवडीची किंमत

स्वातंत्र्य म्हणजे मनास येईल ते करण्याची मुभा, अशी समजूत सुशिक्षित समाजात रूढ आहे. प्रत्येक निवडीला किंमत असते, हे अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. ती किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न मात्र क्रमिक पुस्तकात क्वचितच येतो. कणकवलीकरांना त्याच्या उत्तरासाठी दूर जावयास नको. गोपुरी आश्रमाचे संस्थापक कै. अप्पासाहेब पटवर्धन यांचे जीवन हेच त्याचे उत्तर आहे.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील एका ब्राह्मण कुटुंबातला. तत्त्वज्ञानाचे उच्च शिक्षण, काही काळ प्राध्यापकी. पुढचे आयुष्य सुखाने जावे, अशीच ही वाट होती. ती सोडून ते गांधीजींकडे गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. परंतु अनुवाद करून थांबणाऱ्यांपैकी ते नव्हते. विचार पटला की त्याचा भार स्वतःच्या खांद्यावर घ्यावयाचा, हा त्यांचा स्वभाव होता.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्या काळी भंगीकाम म्हणून ओळखले जाणारे मैलासफाईचे काम आपणांस द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. उच्चवर्णीय कैद्यास ते काम देता येत नाही, म्हणून ती नाकारण्यात आली. त्यांनी अन्न कमी केले. ही वार्ता कळताच येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही डिसेंबरच्या आरंभी उपोषण सुरू केले. सरकारने प्रश्नाचा फेरविचार करण्याचे मान्य केल्यावर दुसऱ्याच दिवशी ते संपले.

या प्रसंगाचा विचार केला म्हणजे जातिव्यवस्थेचे खरे स्वरूप ध्यानात येते. एकाला जे काम नाकारण्याची सोय नाही, तेच काम दुसऱ्याला मागूनही मिळत नाही. दोघांचीही निवड जन्मानेच उरकलेली असते. अर्थात हे दोघे सारखे नव्हेत. अप्पासाहेबांना ते काम केव्हाही टाकून देता आले असते. ज्याच्या पिढ्या त्या कामात गेल्या, त्याला ती मोकळीक नव्हती. केवळ एका सवर्णाने झाडू हाती घेतल्याने ही विषमता मिटत नाही, हा आक्षेप रास्तच आहे.

त्याचे उत्तर अप्पासाहेबांच्या पुढील कार्यात सापडते. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन केला. मेलेली जनावरे सोलणे, कातडी कमावणे ही समाजाने ओवाळून टाकलेली कामे तेथे शिकण्याजोगे उद्योग ठरली. मैल्याचे खत व्हावे आणि तो उचलण्यासाठी वेगळी जात लागूच नये, या हेतूने त्यांनी संडासाच्या रचनेवर प्रयोग केले. व्रताइतकेच त्यांनी तंत्रालाही महत्त्व दिले. दुसऱ्याच्या श्रमावर पोसलेल्या व्याजा-भाड्याच्या मिळकतीलाही त्यांचा विरोध होता. त्यामागील सूत्र हेच.

१० मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध देशात १९९३ व २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात उतरून गुदमरणारी माणसे अजूनही त्याच वस्त्यांतली असतात. आपण आपली निवड करतो आणि तिची घाण कोणीतरी निमूटपणे उपसतो. तो कोणीतरी कोण, हे न विचारता उपभोगलेल्या मुभेला स्वातंत्र्य म्हणता येईल काय, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरापासून द्यावयाचे आहे.